कळंबोलीचं पंजाबी केंद्र

भूत, भानामती, करणी... यातलं काहीही मी मानत नाही. सासूबाई अमावास्येला लिंबू उतरवून टाकायच्या, तेव्हा मी म्हणायची, "वाया कशाला घालवता, सरबत करते." तरीही हे इथे लिहितेय, कारण ते मी एकटीनेच नाही, खानावळीत बसलेल्या सगळ्यांनी ऐकलंय.

आमची खानावळ कळंबोलीत, स्टील मार्केटच्या मागच्या गल्लीत. गिऱ्हाईक बहुतेक ट्रक ड्रायव्हर. फळीवर एक जुना रेडिओ आहे. त्याचं बटण तुटलं, तेव्हा नवऱ्याने काटा मराठी केंद्रावर आणून पक्का चिकटवून टाकला. तेव्हापासून तेच एक लागतं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी त्यातून पंजाबी यायला लागलं. बाईचा आवाज, घरगुती, जरा घाईतला. मला पंजाबीतलं ओ की ठो कळत नाही. पण मधेच आमच्या जवळच्या फाट्याचं नाव, "पळस्पे", ऐकू आलं, मग "जासई". जासई माझं माहेर. भावाशी बोलणं नसलं तरी त्या नावाला कान टवकारतातच.

गुरमीतसिंग जेवत होते. लुधियानाकडचे, पण कळंबोलीत ट्रक चालवून केस पिकले. मला ताई म्हणतात. ते म्हणाले, "ताई, ये तो अपना लोकल टेशन है. बोलती है पळस्पे पे जाम है, जासई में कंटेनर की लाइन लगी है."

दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. आम्हाला वाटलं, कुणा ट्रान्सपोर्टवाल्याने ड्रायव्हर लोकांसाठी केंद्र काढलं असेल... चांगलंच की. मग रोज दुपारी ते लागायचं आणि कुठल्या रस्त्याने निघायचं ते ड्रायव्हर त्यावरून ठरवायचे. शेजारच्या टपरीवर मात्र त्याच जागी काटा ठेवूनही मराठीच लागायचं. माझा नवरा ट्रकची वायरिंग करतो. तो म्हणाला, "असल्या केंद्राला हा एवढा उंच टॉवर लागतो. कळंबोलीत कुठं हाय, दाखव." गच्चीवर जाऊन बघूनही आला. नव्हता.

आता गुरमीतसिंगांचं. त्यांची मुलगी रीत हिने आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. तिचा विषय निघाला की ताट सोडून उठायचे. एका दुपारी ते जेवत असताना रेडिओवर फर्माईशीची गाणी चालली होती. एका गाण्याआधी बाई "कळंबोली" म्हणाली, "गुरमीतसिंग" म्हणाली, "रीत" म्हणाली. एवढं मलाही समजलं. जेवणारे सगळे थांबले.

"क्या बोली?" मी विचारलं. गुरमीतसिंग रेडिओकडेच बघत होते. त्यांच्या शेजारचे सरदारजी म्हणाले, "बोली, बेटी हुई है, नाना बन गये, बधाई. रीत की फर्माईश है, गाना सुन के घर फोन करना."

गाणं संपेपर्यंत ते हातात घास धरून बसले होते. मग उष्ट्या हातानेच फोन लावला. एवढा दांडगा माणूस, फक्त "पुत्तर" म्हणाला आणि रडायला लागला. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

रीतला त्याच दिवशी पहाटे मुलगी झाली होती. पण फर्माईश तिने कुठेही पाठवली नव्हती. उलट नवऱ्याला बजावलं होतं, पप्पांना कळवायचं नाही, त्यांना वाटलं तर तेच फोन करतील. गुरमीतसिंग अजून म्हणतात की पोरगी लाजते, म्हणून कबूल करत नाही. मी त्यांना आणखी एक पोळी वाढते.

दुसऱ्या दिवसापासून रेडिओवर पुन्हा मराठी. चौकशी भरपूर केली, असलं केंद्र कुणीच काढलेलं नव्हतं. नवरा म्हणतो, लांबचं एखादं चुकून लागलं असेल. मग लांबच्या बाईला पळस्प्याचा जाम कसा दिसला, असं विचारलं की तो पान्हे आवरायला घेतो.

त्याला आता नवा रेडिओ आणायचाय, मी आणू देत नाही. परवा म्हणाला, "भावाशी बोलायचंय तर फोन हाय ना तुझ्याकडं? जासई काय लांब नाय."

आहे फोन. भावाचा नंबरही पाठ आहे. शेताच्या वाटणीवरून तो बोलेनासा झाला, तर आधी त्याने करावा, असं मला वाटतं. म्हणून दुपारची गर्दी ओसरली की मी रेडिओचा आवाज थोडा वाढवून खाली बसते... पंजाबी मला अजून येत नाही, पण माझं नाव घेतलं तर कळेल.