वीस सह्या

'डोसबाई' हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं, आणि बाईंना ते ठाऊक होतं. वॉर्डात कुठल्याही खाटेशी थांबल्या की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "डोस बरोबर आहे का?" औषधाच्या दुकानात आठ वर्षं काउंटरमागे काढून त्या पुन्हा कॉलेजात गेल्या, वॉर्डातल्या फार्मासिस्टची पदवी घेतली, तेव्हा नवरा म्हणाला होता, "म्हणजे आता डॉक्टरांच्या चुका काढायचीही पदवी मिळते?" बाई हसल्या होत्या. पुढे त्या तीच पदवी शिकवू लागल्या.

पण त्यांच्या विद्यार्थ्यांचं ऐकणार कोण? फार्मासिस्टने रुग्णाच्या फाइलमध्ये लिहायचं नाही, असा रुग्णालयाचा दंडक. मग बाईंनीच वाट काढली. विद्यार्थ्याने आपली सूचना पिवळ्या चिठ्ठीवर लिहायची, डॉक्टरांची सही घ्यायची, चिठ्ठी आपल्या वहीत डकवायची, आणि वीस सह्या झाल्या की परीक्षेला बसायचं. पहिल्या वर्षी डॉक्टर वाचून सही करत. पुढे मुलं चहाच्या वेळी गठ्ठाच समोर धरू लागली आणि डॉक्टर बिस्किट खाता खाता सह्या ठोकू लागले. बाईंना हे दिसत होतं. चाललंय ते चालू दे म्हणून त्यांनी काणाडोळा केला, आणि तिथेच माती खाल्ली.

शेवटच्या वर्षाच्या एका मुलीवर त्यांचा फार जीव. तिच्या वॉर्डात एक म्हातारे शिंपीकाका होते. छातीतल्या जंतुसंसर्गासाठी त्यांना रोज एक जहाल इंजेक्शन चालू होतं. त्यांचं मूत्रपिंड थकत चाललंय आणि औषध अंगात साठतंय, हे मुलीने रक्ताच्या रिपोर्टवरून बरोब्बर ओळखलं. चिठ्ठीवर लिहिलं, 'इंजेक्शन एका दिवसाआड द्यावे, नाहीतर कान जातील.' सही मिळाली. इंजेक्शन रोजच चालू राहिलं.

आठ दिवसांनी वह्या तपासताना बाईंनी ती चिठ्ठी वाचली आणि वॉर्डात धाव घेतली. इंजेक्शन बंद झालं होतं, कारण काकांना ऐकूच येईनासं झालं होतं. गेलेलं आता परत येणार नाही, असं कानाचे डॉक्टर सांगून गेले होते.

"अगं, डॉक्टरांना तोंडाने का नाही सांगितलंस?"

"सही मिळाली होती ना, मॅडम," मुलगी म्हणाली. "माझी विसावी होती ती."

तिला रागवायचं तर कोणत्या तोंडाने? बाई विभागप्रमुखांकडे गेल्या. सह्या मोजणं बंद करू या, डोस खरंच बदलला का ते बघू या, म्हणाल्या.

"अहो, यंदा आपल्या शंभर टक्के सूचना मान्य झाल्यात," ते म्हणाले. "विद्यापीठ खूश आहे. कशाला नसती उठाठेव?"

बाईंना त्यांच्यासमोरच रडू आलं. विभागप्रमुखांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि फोन घेतला.

त्या दुपारी बाई काकांच्या खाटेशी बसल्या. "काका, आम्हाला आधीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे राहिलं."

काका त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. मग औषधाच्या खोक्याचा एक पुठ्ठा आणि पेन्सिल त्यांनी पुढे केली.

"कान कधी येतील माझे, तेवढं लिहून द्या, बाई. बाकीचे नुसते हातवारे करतात."

बाईंनी पुठ्ठा मांडीवर घेतला. त्यांनी लिहिलं, 'येतील हळूहळू.' काकांनी ते दोनदा वाचलं आणि पुठ्ठा उशीखाली जपून ठेवला.