ओढ्याचं मस्टर

एकदा 'नाही' म्हटलं की ते खरं मानणारा माणूस या अख्ख्या मुंबईत मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या साडूचा बाप निघाला. मी भोईवाड्यात लाद्यांचं दुकान चालवतो. त्याआधी याच लाद्या दुसऱ्याच्या दुकानात डोक्यावरून वाहिल्या आहेत, तेव्हा धंदा मला कोणी शिकवायला नको. आमच्या धंद्यात 'नाही' म्हणजे बोलण्याची सुरुवात. गिऱ्हाईक भाव विचारतं, तोंड वाकडं करतं, 'नको' म्हणून पायरी उतरतं, कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत जातं आणि परत येतं. मी तोपर्यंत त्याच्याकडे बघतही नाही, कारण बघितलं की भाव उतरतो. लग्नं अशीच जमतात, जागा अशाच विकल्या जातात, घरात बायकोशी भांडणही असंच मिटतं. हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. या एका माणसाला ते ठाऊक नव्हतं, आणि त्यापायी सगळ्या नातेवाइकांत बदनामी माझी झाली. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. आबा गिरणीत टाइमकीपर होते. गिरणी बंद पडली, चिमणी पाडली, तिथे काचेचा टॉवर उभा राहिला, तरी आबांची पहिली पाळी काही सुटली नाही. सकाळी सातच्या आत पांढरा शर्ट घालून, खिशाला दोन पेनं आणि एक पेन्सिल लावून, काखेत हजेरीचं लांबोडकं मस्टर घेऊन ते चाळीच्या मागच्या दाराने बाहेर पडायचे. मागे आमचा नाला. भोईवाड्याच्या उतारावरून निघून तीन चाळी, एक देऊळ, एक लेथ मशीनवाला आणि शेवटी माझं गोदाम यांच्या पाठीला पाठ घासत तो खाली कॉटन ग्रीनकडे जातो. नाला म्हटलेलं आबांना खपायचं नाही. "ओढा आहे तो," ते म्हणायचे. "घाण तुम्ही टाकता, त्याला तो काय करणार?" काठावर अळू, कर्दळ, केळी आणि बरीचशी मोठी झाडं आपोआप माजलेली. आबांनी तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून त्यांचे गोल बिल्ले केले होते, आणि गिरणीत कामगाराला असायचा तसा एकेक नंबर एकेका झाडाला दिला होता. रोज सकाळी काठाने चालत जाऊन ते झाडांची हजेरी घ्यायचे. मस्टरमध्ये झाडं कायम कामगार, पक्षी बदली कामगार. खंड्या आला की हजर. चार दिवस दिसला नाही की खाडा. बेडकांना पावसाळी कंत्राटावर धरलं होतं. एकदा कुठून तरी एक मुंगूस येऊन गेलं, तर त्याची नोंद 'व्हिजिटर' म्हणून केली होती, येण्याच्या आणि जाण्याच्या वेळेसह.

हजेरीचे त्यांचे नियम गिरणीतलेच. एकदा शाईने लिहिलं की खाडाखोड नाही. गेट बंद होण्याआधी एखादा कामगार समोर चहाच्या टपरीवर घुटमळताना दिसला, तर त्याच्या चौकोनात पेन्सिलीने एक बारीक ठिपका ठेवायचा. ठिपका म्हणजे हा येणार आहे, थांबा. आत आला की ठिपक्यावर शाईने हजर, नाही आला की खाडा. पण त्याला हाक मारायची नाही. "बोलवायला जाणं हे टाइमकीपरचं काम नव्हे," आबा सांगायचे. "त्याने यायचं. आपण जागेवर असायचं." माझ्या मुलीच्या लग्नात भटजी पाच मिनिटं उशिरा आले, तर आबा हॉलच्या दारातच घड्याळ घेऊन उभे. म्हणाले, "भटजी, तुमच्यापुढे ठिपका ठेवलाय. पळा." भटजी खरंच पळाले.

आणि घासाघीस म्हणाल तर शून्य. एकदा मोरीसाठी लाद्या घ्यायला ते माझ्याकडे आले. नात्यातला माणूस हुज्जत घालणारच, म्हणून मी भाव चढवून सांगितला. आबांनी खिशातून तेवढे पैसे काढले, काउंटरवर ठेवले आणि लाद्या उचलायला वाकले. मला घाम फुटला. म्हटलं, "आबा, अहो, काहीतरी कमी करायला सांगा की!" ते सरळ उभे राहिले आणि अगदी कुतूहलाने मला विचारलं, "का? तुम्ही सांगितलेला भाव खोटा होता का?" माझा पोऱ्या तोंड फिरवून हसत होता. त्यांनी चार पावलं टाकल्यावर मी जास्तीचे पैसे घेऊन गल्लीत त्यांच्यामागे पळालो. गिऱ्हाइकामागे मी आयुष्यात तेवढा एकदाच पळालो. तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं.

मग ते अनुदान निघालं. शहरात ज्या काही हिरव्या जागा आणि ओढ्यांचे काठ उरलेत, ते राखायला सरकारी पैसा मिळणार, अशी पेपरात बातमी आली. आबांनी ती कापून मस्टरच्या पहिल्या पानावर चिकटवली. गाळ निघणार होता, काठ दगडाने बांधला जाणार होता, झाडांना पाण्यासाठी आळी मिळणार होती. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एकदा ओढा या योजनेत गेला की त्यावर कोणाला स्लॅब टाकता येणार नव्हती. स्लॅब टाकून वर गाड्या उभ्या करायच्या, हे आमच्याकडे किती वर्षं घाटत होतं. अट एकच. पट्टा वरपासून खालपर्यंत सलग हवा, मध्ये तुटता कामा नये, आणि काठावरच्या प्रत्येकाने आपल्या मागची सहा फूट जागा मोकळी ठेवायची लेखी संमती द्यायची. आबांनी टेप घेऊन अख्खा काठ स्वतः मोजला. वाकून वाकून कंबर धरली, तर दोन दिवस काठीने मोजला. मग संमतीपत्रं घेऊन दारोदार गेले. चाळीवाल्यांनी दिली, देवळाने दिली, लेथवाला सहसा कोणाला नमस्कारही करत नाही, त्यानेही दिली. मी शेवटचा.

ते दुकानात आले तेव्हा दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं, माझा मूडही बरा होता. चहा मागवला. कागद वाचला. सहा फुटांचं मला काही वाटलं नाही. तिथे मी फुटक्या लाद्या टाकतो, दुसरं काय. पण कोणी मागितलं आणि लगेच देऊन टाकलं, असं माझ्या हातून होत नाही. हात तसा वळतच नाही. गोदामाच्या तोंडाशी एक करंज होता, चौदा नंबरचा. त्याच्यामुळे माझा टेम्पो तीनदा मागेपुढे केल्याशिवाय वळत नसे. म्हटलं, "आबा, सही देतो. पण चौदा नंबर काढा. टेम्पो वळू दे."

"चौदा नंबर कायम आहे, शेठ," आबा म्हणाले. "त्याला काढता येणार नाही."

"मग सही नाही."

"नाही?"

"नाही."

आबांनी बशीतला उरलेला चहा प्यायला, कोरा कागद माझ्या काउंटरवर नीट सरळ करून ठेवला, "बरं" म्हणाले आणि पायरी उतरले. मी नेहमीप्रमाणे हिशोबाच्या वहीत डोकं घातलं. पानवाल्यापर्यंत जातील आणि वळतील. माझ्या डोक्यात पुढच्या सगळ्या पायऱ्या तयार होत्या. ते म्हणतील झाड राहू दे, मी म्हणेन निदान खालची फांदी तोडा. ते म्हणतील फांदी कशाला, मी म्हणेन बरं, मग गोदामाच्या कोपऱ्यातला तुमचा अळू तरी हटवा. शेवटी मी नुसतं हसून सही करणार होतो, आणि वर म्हणणार होतो, "तुमच्यासाठी म्हणून हां, आबा!" तेवढं एक वाक्य मला म्हणायचं होतं. बस. मी मान वर केली तेव्हा पानवाला होता, आबा नव्हते.

आता कोणाला खोटं वाटेल, पण त्याच दुपारी मी त्या कागदावर सही करून, दुकानाचा शिक्का मारून तो गल्ल्यात ठेवला. परत आले की लगेच काढून द्यायला. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. रोज सकाळी ते गोदामापाशी हजेरी घ्यायला यायचे, चौदा नंबरपुढे उभे राहायचे, मला "नमस्कार, शेठ" म्हणायचे आणि निघून जायचे. संमतीबद्दल अक्षर नाही. मीही बोललो नाही. मी का बोलू? मागणारे ते. बायको रोज जेवताना टोचायची. ती मूळची कणकवलीकडची, चिडली की मालवणीवर येते. "म्हातारो परत येवचो नाय हां. तुमीच जावा."

"दुकानदार गिऱ्हाइकाच्या घरी जातो का?"

"ते काय गिऱ्हाईक आसत? माझ्या भयणीचो सासरो आसा तो."

"येतील. अर्जाच्या शेवटच्या दिवशी येतील. असंच असतं."

"तुमचा ह्या 'असंच असतं' एक दिवस आमका सगळ्यांका नडतला," ती म्हणाली आणि माझ्या ताटात न विचारता भात वाढला. चिडली की ती असंच करते.

शेवटच्या दिवशी मी दुकान सोडून कुठे गेलो नाही. जेवायलासुद्धा डबा मागवला. आबा आले नाहीत. ते साडूला घेऊन सरळ कचेरीत गेले होते. तिथलं सगळं मला साडूने नंतर सांगितलं. कारकुनाने नकाशा उलगडला आणि म्हणाला, "काका, खाली शेवटी हा तुकडा रिकामा का सोडलाय?"

"तिथली संमती नाही."

"अहो, मग नाही हे दाखवताय कशाला? रेघ ओढून पुरी करा. कोण मोजायला येतंय?"

"मी मोजलंय," आबा म्हणाले.

कारकून चांगला माणूस असावा. त्याने स्वतःचं पेन पुढे केलं. साडूही म्हणाला, "बाबा, ओढा रेघ, भावोजींना मी बघतो." आबांनी ते पेन झाकण लावून परत दिलं. अर्ज दिला तसा गेला, आणि दोन महिन्यांनी चार ओळींचं पत्र आलं. पट्टा सलग नाही, सबब विचार करता येत नाही.

मी भडकलो. अहो, एवढा मोठा ओढा, एवढी झाडं, आणि तुम्हाला दुसऱ्यांदा दुकानाची पायरी चढता येऊ नये? एकदा 'शेठ, काय ठरलं?' असं विचारलं असतं तर जीभ झिजली असती? साडूच्या घरी जाऊन मी हे मोठमोठ्याने बोललो. आबा पलंगावर बसून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी सुनेला सांगितलं, "त्यांना पाणी दे. घसा सुकला असेल." मी पाणी पिऊन घरी आलो. सही केलेल्या कागदाबद्दल मी तेव्हा बोललो नाही. बोललो असतो तर ओरडायचं कारणच उरलं नसतं.

पुढच्या वर्षी स्लॅब पडली. वरच्या चाळीपासून सुरुवात झाली आणि खाली माझ्या गोदामापर्यंत आली. बिल्ले एकेक करून ढिगाऱ्यात गेले. चौदा नंबर तर पहिल्याच दिवशी काढला, कारण मशीन त्या तोंडानेच आत येणार होतं. त्यांच्या मशीनलाही वळायला जागा हवी होती. आबा रोज सकाळी मस्टर घेऊन यायचे आणि एकेका नावापुढे शाईने खाडा लावायचे. एक दिवस लावायला कोणी उरलं नाही. तेव्हापासून ते मागच्या दाराने बाहेर पडले नाहीत. साडूने बदलापूरला जागा घेतली आणि सगळे तिकडे गेले.

वास्तुशांतीला मी गेलो. आबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. खिशाला दोन पेनं, एक पेन्सिल. आम्ही दोघांनी पूर्वी कधी गप्पा मारल्या नव्हत्या, तेव्हाही जमेनात. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "मस्टर आहे का अजून?" त्यांनी आतून आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. झाडं, पक्षी, बेडूक, मुंगूस, सगळं होतं. मागच्या बाजूला एका पानावर संमती देणाऱ्यांची यादी होती. चाळ, चाळ, चाळ, देऊळ, लेथवाला. सगळ्यांपुढे शाईने हजर. शेवटी माझं नाव, 'शेठ' नव्हे, पूर्ण नाव, वळणदार अक्षरात. त्यापुढच्या चौकोनात खाडा नव्हता. पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता.

म्हणजे माझं 'नाही' या माणसाने खरं मानलंच नव्हतं. मी काउंटरवर बसून ते येण्याची वाट बघत होतो, आणि ते गेटवर बसून माझी. रोज सकाळी गोदामापाशी येत होते ते नुसत्या झाडाच्या हजेरीला नव्हे.

"आबा, गेट तर केव्हाच बंद झालं," मी म्हटलं.

"झालं ना," ते म्हणाले. "पण तुम्ही टपरीवर दिसत होतात. खाडा कसा लावणार?"

आतून जेवायला हाक आली. मी मस्टर मिटून त्यांच्या हातात दिलं.

माझा टेम्पो आता एका दमात वळतो. ड्रायव्हर खूश आहे. जे मागितलं होतं ते मला पुरेपूर मिळालं, आणि बदल्यात मला काहीच द्यावं लागलं नाही. इतका सरस सौदा मी आयुष्यात केला नाही. तो कागद सहीशिक्क्यासह अजून गल्ल्यात आहे, सुट्या पैशांच्या खाली. अधूनमधून मोड शोधताना हाताला लागतो. दर खेपेला ठरवतो, पुढच्या रविवारी बदलापूरला जायचं, तो आबांपुढे ठेवायचा आणि पेन्सिलीच्या ठिपक्यावर त्यांनी जे काय लिहायचं ते शाईने लिहू द्यायचं. मग एखादं गिऱ्हाईक पायरी चढतं, भाव विचारतं, 'नको' म्हणून उतरतं. आणि हल्ली मी वहीत डोकं घालत नाही. ते पानवाल्याजवळून वळतंय का, हे मान वर करून बघत राहतो.