त्याचा दहा आकडी नंबर

मुलगी गणितात एमएस्सी करते हे पाहुण्यांना सांगायचं नाही, असं आमच्या घरी ठरलं होतं. आधीची चार स्थळं त्यापायीच परत गेली होती. कोणी विचारलंच तर विणकाम आवडतं म्हणायचं. मला धड सुईसुद्धा धरता येत नाही. जिथे जन्मभर विणकामाचं सोंग आणावं लागेल अशा घरात मला जायचंच नव्हतं, पण मायच्या तोंडाकडे पाहून साडी नेसले.

सानगडीचे पाहुणे अड्याळला आमच्याकडे आले आणि आलूपोहे संपायच्या आत बाबांनीच फुशारकी मारत सगळं सांगून टाकलं. मुलाच्या मामांनी तोंड पुसलं, टेबलावरचं गॅसचं पुस्तक उचललं आणि त्यावरचा आकडा माझ्यापुढे धरला. ५७१८३९२९. याचं काही सांगता येते का, म्हणाले. माझं डोकं तापलं. एकाआड एक आकडे मिळवले. एकीकडे अकरा, दुसरीकडे तेहेतीस, फरक बावीस. अकरानं भाग जातो, म्हटलं. मामांनी मोबाईलवर भागून पाहिलं. बाकी शून्य.

मग काय, घरात जत्राच भरली. कोणी राशन कार्ड आणलं, कोणी ट्रॅक्टरचा इंजिन नंबर. शेजारची काकू विजेचं बिल घेऊन आली आणि यातून घरातली पीडा कळते का विचारू लागली. पाहुणे मुलगी पाहायला आलेत हे कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

शेवटी मुलानं आपला मोबाईल नंबर पुढे केला. मी पार वैतागले होते. ही मूळ संख्या आहे, म्हटलं, एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही. दहा आकडी संख्येचं असं नुसतं पाहून कोणालाच सांगता येत नाही. मी चक्क थाप मारली होती.

पाचव्या दिवशी तो एकटाच आला. हातात दोनशे पानी वही, डोळे लाल. दोनपासून सुरुवात करून त्यानं आपल्या नंबराला ओळीनं एकेका संख्येनं भागलं होतं. तेही हातानं. मोबाईलवर केलं असतं तर कॉपी झाली असती, म्हणाला.

"दोननं भाग गेला नाही, तर चारनं काहून पाहिलं?" मी विचारलं.

"चारले बी एक मोका द्यावा म्हटलं."

तिथेच मला तो आवडला. मग खाली मान घालून म्हणाला, "एक हजार तेरानं भाग जाते. तुमचं चुकलं. पण मामाले मी सांगतलं नाही."

मी शेवटचं पान तपासलं. तिसऱ्या वजाबाकीत तो हातचा विसरला होता. भाग जातच नव्हता. दाराआड माय उभी होती.

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं.

लग्नाला सहा वर्षं झाली. मी कॉलेजात शिकवते, पोरांना अर्धा मार्कही फुकट देत नाही. त्याचा नंबर अजून तोच आहे. ती मूळ संख्या आहे की नाही हे कॉम्प्युटर एका क्षणात सांगेल, पण माझी विचारायची हिंमत होत नाही.