एका हाकेला दोघांची ओ

माझ्या नणंदेला घरात सगळे घुमी म्हणतात. हाक मारली तर ओ देईल, नाही मारली तर तोंड फक्त जेवायला उघडेल. लग्नानंतर कितीतरी दिवस मला वाटायचं, बाईसाहेबांना वहिनी पसंत नाही. विजेची पॅनेलं दुरुस्त करणं हा तिचा धंदा. तिच्या खोलीत वायरींची भेंडोळी, सोल्डरिंगचा वास आणि बसायला एकच खुर्ची. पाहुण्यांनी उभ्या उभ्याच जावं म्हणून, असं मी तिला चिडवते. ती नुसती हसते.

माझ्या अंडी उबवायच्या केंद्राची वायरिंग तिचीच. आठ कपाटं, प्रत्येकात ऊब मोजणारी आणि हीटर चालू-बंद करणारी एकेक डबी, आणि आठही डब्या एकाच दोन तारांवर ओवून, सगळ्यांची ऊब आकड्यांत दाखवणाऱ्या दारापाशीच्या पॅनेलला जोडलेल्या. "एवढ्या डब्यांना दोनच तारा? किती गं चिक्कू!" असं मी तेव्हा म्हणाले होते.

मागची खेप गारठून वाया गेली. हीही गेली तर केंद्राला कुलूप लावायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. एक नंबरच्या कपाटातली अंडी आता फुटायला आली होती, आणि नेमक्या त्याच दिवशी सकाळी पॅनेलवर एक नंबरपुढे आकड्याऐवजी आडव्या रेघा! जी डबी उत्तर देत नाही तिचा हीटर, भलतं तापू नये म्हणून, पॅनेल बंद करतं. कपाट कधीपासून थंड होत होतं, देव जाणे. मी घुमीला हाक मारली.

घुमी धावत आली. "काल कोणी कशाला हात लावला?"

"मी सात नंबरच्या रिकाम्या कपाटाची जळकी डबी बदलली, तरी तिथल्या रेघा गेल्या नाहीत," आमचे हे म्हणाले. "एक नंबरकडे तर फिरकलोही नाही."

ती एक नंबरकडे गेलीच नाही. सरळ सात नंबरच्या डबीच्या तारा उपटल्या. पॅनेलवर एक नंबरचा आकडा परत!

"दादा, नव्या डबीला नंबर दिलास?"

"कसला नंबर? जशा वायरी होत्या तशा जोडल्या."

"नवी डबी कारखान्यातून एक नंबर घेऊनच येते. पॅनेल नंबर घेऊन हाक मारतं. ऐकू सगळ्यांना जाते, बोलतो ज्याचा नंबर तोच. वहिनी, तू 'अहो' म्हणालीस की बाबा आणि दादा दोघंही 'काय गं?' करायचे, आठवतं?"

आठवत नाही कसं! मामंजी लाजून चूर व्हायचे, आणि कोण काय म्हणालं ते मला कळायचंच नाही.

तिनं डबीतले बारीक खटके सरकवून सात नंबर दिला, तारा जोडल्या आणि त्यांवर तारांतलं बोलणं रेघेत दाखवणारा एक छोटा पडदा लावला. पडद्यावरची रेघ थरथरली. ती तशीच थांबवून तिनं बोट ठेवलं. "हे पॅनेल विचारतंय." जराशी शांतता. "हे तीन नंबरचं उत्तर." पुन्हा शांतता. "आता चार." मग तिनं पडदा पुन्हा चालू केला, तर पापणी लवेपर्यंत आठही जणांची फेरी झाली. कोणी कोणाच्या बोलण्यात तोंड घातलं नाही. माझ्या अंगावर काटा आला. मी इथं अंडी वेचत होते, ओरडत होते, आणि ज्या तारांना मी नावं ठेवली त्यांतून रात्रंदिवस हे एवढं शहाणं बोलणं चाललं होतं!

हीटर लागला, ऊब चढली. पण आतली अंडी जिवंत आहेत की नाहीत, हे पॅनेल सांगत नाही. दार उघडून ऊब घालवायची सोय नव्हती. घुमीनं कपाटाच्या पत्र्याला कान लावला. दुपार झाली. हे दारातच बसून होते, एक शब्द न बोलता. भाऊ-बहीण तेव्हा अगदी सारखे दिसत होते.

मग तिनं हात वर केला. मीही पत्र्याला कान लावला. आत एक चिवचिव. मग दुसरी. मग कवचाआडून सगळ्यांनी एकच कल्ला केला.

"वहिनी," घुमी म्हणाली. तिच्या गालांवर पाणी होतं. "सगळे एकदम बोलतायत गं! वहिनी?"

ती हाक मारत होती, आणि माझ्या तोंडून ओ निघेना.