सासूबाईंना न्यायला निघालेली सून

साताऱ्याच्या स्टँडवरून सकाळची आटपाडी गाडी सुटली तेव्हा मी खिडकीशी बसले होते. मांडीवर कंदी पेढ्यांचा पुडा, पायाशी पिशवी आणि पिशवीत सासूबाईंच्या गुडघ्यांना चोळायच्या तेलाची बाटली. तोंड मात्र कडू झालेलं होतं. आमच्याकडे सणावाराला मुराळी (सासरी असलेल्या लेकीला माहेरी न्यायला येणारा माणूस) जातो. सासूला न्यायला सून मुराळी म्हणून निघाल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

झालं होतं असं. मामंजी गेल्यापासून सासूबाई बारा वर्षं आमच्याकडे साताऱ्यात होत्या. धाकटा दीर फौजेत, पार आसामकडे. त्याची बायको सिंधू दोन मुलींना घेऊन आटपाडीकडच्या आमच्या रानातल्या वस्तीवर राहायची. दुसऱ्या मुलीच्या वेळी तिला माहेरी बघणारं कुणी नव्हतं, म्हणून सासूबाई महिन्याभरासाठी तिकडे गेल्या. त्या महिन्याचे आठ महिने झाले. पत्र पाठवलं की उत्तर यायचं, सगळं ठीक आहे, काळजी नसावी. कधी येणार याबद्दल एक अक्षर नाही. गल्लीतल्या बायका भेटल्या की विचारायच्या, 'काय हो, सासूबाई रमल्या वाटतं तिकडेच?' त्या 'तिकडेच'वर असा जोर द्यायच्या की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

कोरेगावपर्यंत रस्त्याला ऊस होता. पुसेगाव मागे पडलं आणि झाडं विरळ झाली, दहिवडीनंतर तर नुसत्या उघड्या टेकड्या. अधूनमधून शाळूचं (हिवाळी ज्वारीचं) रान लागलं की डोळ्यांना बरं वाटायचं. दोन वर्षांच्या दुष्काळानंतर तिकडे आता कुठे कणीस दिसायला लागलं होतं. शेजारी म्हसवडच्या एक आजीबाई बसल्या होत्या. कुठं निघालीस म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सासूला आणायला.

"आणाय?" त्या माझ्याकडे नीट वळून बघायला लागल्या. "लोक सोडाय जात्यात गं."

पुढच्या बाकापर्यंत सगळे हसले. मला हसू आलं नाही.

म्हसवडला गाडीचं चाक बसलं. ड्रायव्हर म्हणाला, तासभर तरी लागेल. मी सिद्धनाथाच्या देवळात जाऊन आले. देवापुढे हात जोडून मी काय मागितलं ते आज सांगायला हरकत नाही. मी म्हटलं, देवा, सिंधूकडे सासूबाईंची गैरसोय होत असू दे. फार नको, थोडी. मऊ भाताची, गरम पाण्याची आठवण येईल एवढी. पुजाऱ्याने अंगारा दिला तो कपाळाला लावताना जरा लाज वाटली, पण मागणं काही मी परत घेतलं नाही.

दिघंचीवरून आटपाडीच्या अलीकडे एका फाट्यावर उतरले. वस्ती तिथून मैलभर. अर्ध्या वाटेत चपलेचा अंगठा तुटला. एका हातात चप्पल, दुसऱ्या हातात पिशवी, काखेत पेढे, अशी साताऱ्याची थोरली सून खडे टोचून घेत आपल्याच वस्तीवर पोचली.

बांधावरूनच आवाज ऐकू आला. सिंधू सासूबाईंना झापत होती. झापतच होती, दुसरा शब्द नाही. "आत्याबाई, सांगून सांगून जीभ झिजली. शेणी उन्हात घाला म्हटलं तर सावलीत घातल्या. डोळं कुठं ठेवलं व्हतं?" त्यावर सासूबाई म्हणाल्या, की डोळं तुझ्या लेकीकडं व्हतं, ती माती खातीया. मग दोघी हसायला लागल्या. सासूबाई तर पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बारा वर्षांत माझ्या घरात त्या अशा एकदाही हसल्या नव्हत्या. मी तिथे बांधावर उभी राहून जळले. आवाज न चढवता, पदर डोक्यावरून न ढळू देता मी त्यांचं सगळं केलं, आणि ही बया त्यांना तोंडावर बोलते आणि त्या हसतात!

मला बघून दोघींनाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. सिंधूने पाय धुवायला पाणी दिलं, माझी चप्पल घेऊन बाभळीच्या काट्याने अंगठा अडकवून दिला. जेवायला भाकरी, खरडा आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज). सासूबाईंनी दीड भाकरी खाल्ली. माझ्याकडे त्या मूठभर भातावर उठायच्या. पेढ्याचा त्यांनी तुकडा मोडला आणि म्हणाल्या, चांगला हाय, पण गोड लय.

जेवताना सिंधू दुष्काळातल्या गोष्टी सांगत होती. त्या वेळी ती खडी फोडायच्या कामावर जायची, थोरलीला पाटीत बसवून. गाय गुरांच्या चारा छावणीत नेऊन घातली होती. नवऱ्याने पत्रातून विचारलं, गाय कशी आहे. हिने मास्तरांकडून उलट लिहून घेतलं, गाय माहेरपणाला गेलीय, तिचं बरं चाललंय, तिला तुमची आठवण येत न्हाई. सासूबाई ही गोष्ट नक्कीच दहाव्यांदा ऐकत होत्या, तरी ठसका लागेपर्यंत हसल्या. त्या दोन वर्षांत साताऱ्याहून आम्ही एकदाच धान्य पाठवलं होतं, आणि तेही थोडंच, हे मला तिच्या गोष्टीत कुठेच ऐकू आलं नाही. ती मुद्दाम वगळत होती. त्याचाही मला रागच आला.

न्यायचं मी त्या दिवशी काढलं नाही. मुराळ्याने आल्या आल्या विषय काढायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर सासूबाई घरात नाहीत. सिंधू म्हणाली, रानात गेल्यात पाखरं राखाय. मी तिच्या मागे शाळूत गेले. मधोमध माळा (पाखरं हाकायला बांधलेलं उंच मचाण) होता. खाली वाकडीतिकडी शिडी आणि वर, कासोटा घालून, हातात गोफण घेऊन माझ्या सासूबाई उभ्या! हाळी देऊन त्यांनी गोफण फिरवली, दगड सुटला, चिमण्यांचा थवा उडाला, आणि त्या खाली बघून अशा हसल्या, की झालं. माझं डोकं सटकलं.

"साताऱ्यात तीन पायऱ्या चढायला तुम्हाला माझा खांदा लागायचा!" मी खालून ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा सासूवर ओरडले. "मी काय कमी केलं तुमचं? बारा वर्षं तुम्हाला इकडची काडी तिकडे करू दिली नाही मी."

"तेच तर," सासूबाई वरून म्हणाल्या. "काडी हलवू दिली न्हाईस. भाकरी थापाय बसले की परात वढून घ्यायचीस. बसा म्हणायचीस. बसून बसून गुडघं धरलं माझं, विमल. मला वाटायचं, हिला माझ्या हातचं आवडत न्हाई."

गल्लीत माझं नाव होतं ते त्याच गोष्टीसाठी. विमलच्या सासूबाईंना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलावा लागत नाही, असं बायका म्हणायच्या आणि मी ते ऐकून सुखावायचे. चांगल्या सुनेने सासूच्या हाताला काम लागू द्यायचं नसतं, हे मला आईने शिकवलेलं. परात ओढून घेताना मला वाटायचं, मी त्यांना मान देतेय.

"मग सांगायचं नाही का मला?" मी म्हटलं. आवाज रडका झाला होता.

"सांगू कशी? तू कवा भांडलीसच न्हाई."

मी बांधावर बसून रडले. सिंधू धाकटीला कडेवर घेऊन उभी होती. ती हसेल असं मला वाटलं होतं, पण ती हसली नाही. हळूच म्हणाली, "न्या आक्का त्यांना. तुमचा हक्क हाय. माझं काय, मी बघंन कसंतरी."

तिच्याकडे मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. हातांना खडीचे घट्टे अजून होते. मी विचारलं, रागावली नाहीस ना माझ्यावर.

"रागावू कशाला," ती म्हणाली. "पर तुमचा लय हेवा वाटतो. तुमच्याकडं दादा रोज सांजच्याला घरी येत्यात. माझ्याकडं तिन्हीसांजंला ह्या एकट्याच बोलाय हायत."

हे ऐकून माझा मत्सर पळाला, असं लिहिलं तर ते खोटं होईल. फक्त तो जरा बाजूला सरकला आणि तेवढ्या जागेत मला दिसलं, की मी तिचं काय न्यायला आले होते. मी डोळे पुसले आणि वर बघून म्हटलं, "आई, सुगी उरकेपर्यंत राहा इथेच. मग या." सासूबाईंनी गोफणीत दुसरा दगड घातला.

तर असा हा मुराळी रिकाम्या हाताने माघारी निघाला. फाट्यावर सोडायला सिंधू आली होती. गाडी दिसली तेव्हा ती म्हणाली, "आल्या की भांडत जावा त्यांच्याशी. गप बसल्या की त्या दुखणं काढत्यात." हे मला सिंधूने शिकवावं, या गोष्टीवर मी म्हसवडपर्यंत जळत होते. घरी आल्यावर आमच्या ह्यांनी दारात विचारलं, आई कुठे. मी म्हटलं, माळ्यावर. ते उगाच आमच्या घराच्या माळ्याकडे बघत राहिले.

प्रवासात माणसाला नवी गावं दिसतात म्हणतात. मला आटपाडीला माझंच साताऱ्याचं घर दिसलं, स्वच्छ, शांत आणि कुणाचाही आवाज नसलेलं. त्याच शांततेचं मला कौतुक होतं.

सुगी झाल्यावर सासूबाई आल्या, ज्वारीचं पोतं आणि गोवऱ्यांच्या वासाची लुगडी घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी परात पुढे ओढली. माझा हात सवयीने गेला, तो मी मागे घेतला. पहिलीच भाकरी करपली.

"आई, तव्याकडे बघा की जरा," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

पीठच जाडंभरडं दळून आणलंयस, त्या म्हणाल्या. मग पिठावरून, स्टोव्हच्या जाळावरून, बारा वर्षांतल्या एकेका भाकरीवरून आमची अशी जुंपली, की शेजारच्या काकू ओल्या हातांनी धावत दारात आल्या. काय झालं, काय झालं म्हणून विचारायला लागल्या.

सासूबाईंनी दुसरी भाकरी तव्यावर टाकली.

"काय न्हाई," त्या म्हणाल्या. "आमी भाकरी करतोय."