बोटासकट अंगठी

विभावरी अष्टपुत्रे आमच्या शेजारच्या बंगल्यात राहायला आली, तेव्हा कतारमधल्या दुखानच्या कंपनी वसाहतीत मराठी घरं मोजकीच होती. ती आल्यावर त्यातलं एकही घर शांत राहिलं नाही. नाशिकची, उंचपुरी, खळखळून हसणारी बाई. बोलायला लागली की तोंडाआधी तिचे हात सुरू व्हायचे. साध्या कोथिंबिरीचा भाव सांगतानासुद्धा ती असे हातवारे करायची की समोरच्यानं आपला चहा उचलून बाजूला ठेवावा.

नवरा अगदी उलटा. गुरुप्रसाद कंपनीत सेफ्टी ऑफिसर होता आणि घरी आल्यावरही तो सेफ्टी ऑफिसरच असायचा. विभावरीनं कढई चढवली की हा स्वयंपाकघराच्या दारात उभा.

"अगं, तेल तापतंय."

"तापायलाच ठेवलंय ते!"

हसताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं. पण बायकोवर जीव होता. लग्नाच्या वाढदिवसाला तिला न सांगता हिऱ्याची अंगठी आणायची, असं त्याच्या मनात आलं. बोटाचं माप कसं घ्यायचं? एका दुपारी ती सोफ्यावर पेंगत असताना त्यानं वर्कशॉपमधून आणलेला रबरी वॉशर तिच्या बोटात सरकवून पाहिला. चपखल बसला. तो वॉशर घेऊन साहेब दोह्याच्या सोन्याच्या बाजारात गेले आणि बरोबर त्या मापाची अंगठी घेऊन आले. रबर ताणलं जातं, सोनं ताणलं जात नाही, हे एवढ्या शिकलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही.

विभावरीनं दात आवळून अंगठी घातली. "अगदी मापात आहे हो!" असं म्हणाली. आणि ती अंगठी जी बसली ती बसलीच.

पुढं दोन हजार एक साली गुरुप्रसादनं घरातल्या सगळ्या वस्तूंचा विमा उतरवायचं ठरवलं. टीव्ही, गालिचा, लेकीचा, नुपूरचा कीबोर्ड, सगळं झालं. अंगठीसाठी मात्र विमा कंपनीनं जाणकार सराफाकडून मूल्यांकनाचा दाखला मागितला.

"उद्या दोह्याला जायचंय. अंगठी काढून डबीत ठेव," गुरुप्रसाद म्हणाला.

विभावरी माझ्याकडं आली ती रडवेली होऊन. "नयना, मी ही कधी काढलीच नाहीये गं. त्यांना काय सांगू?"

ऑगस्टचा महिना, उकाड्यानं बोटं फुगलेली. आम्ही साबण लावला. खोबरेल तेल लावलं. मग साजूक तूप लावलं, आणि त्या तुपाच्या वासानं विभावरीला भूक लागली म्हणून मध्येच वरण-भात झाला. बर्फात हात घातला. बोट निळं पडलं, अंगठी हलली नाही. शेवटी मी दोरा गुंडाळायला घेतला, तेव्हा तिनं अशी किंकाळी फोडली की गुरुप्रसाद अग्निशामक नळकांडं घेऊन धावत आला.

खरं काय ते त्याला तेव्हा कळलं. तो गंभीरपणे म्हणाला, "हात हृदयाच्या वर धरायचा. सूज उतरते."

म्हणून संध्याकाळभर विभावरी उजवा हात वर करून हिंडली. क्लबपाशी जो दिसेल त्याला वाटे, ही आपल्यालाच हाक मारतेय. तीन बायका रस्ता ओलांडून आल्या, एकानं तर गाडी वळवून आणली. नुपूर लाजून लांब चालत होती. "मॉम, प्लीज, पुट युअर हँड डाउन!"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दोह्याला निघालो. मी धीर द्यायला. विभावरीचा हात गाडीतही वरच. शहरात शिरताना एका राउंडअबाउटपाशी ट्रॅफिक पोलिसानं तो हात बघितला आणि आम्हाला बाजूला घेतलं.

"प्रॉब्लेम?"

विभावरीनं बोट दाखवलं आणि हिंदीत, इंग्रजीत, थोड्या आपल्या मनाच्या अरबीत सगळी हकिगत ऐकवली. पोलिसानं ती मन लावून ऐकली. मग त्यानं आपला हात पुढं केला. त्याच्याही बोटात चांदीची अंगठी रुतून बसली होती. दोघांनी एकमेकांकडं सहानुभूतीनं पाहिलं. "खलास," असं म्हणून त्यानं मान हलवली आणि आम्हाला जाऊ दिलं.

सराफाच्या दुकानात मूल्यांकन करणारे रहमान परकार भेटले. आम्ही मराठी बोलताना ऐकून ते उठून उभेच राहिले. "आमी रत्नागिरीचे! बसा वैनी, बसा." चहा आला, खजूर आले. मग त्यांनी मखमलीचं तबक पुढं केलं. "दागिना ठेवा."

विभावरीनं तबकात हात ठेवला.

परकारांनी थोडी वाट पाहिली. "दागिना, वैनी. हात नाय."

"एकत्रच आहेत."

परकार आपल्या कामाबद्दल फार कडक होते. दागिना एकटा तोलल्याशिवाय दाखला देणार नाही, असं ते म्हणाले. गुरुप्रसादनं उपाय सुचवला: आधी हात अंगठीसकट तोलायचा, मग नुसता हात तोलायचा आणि वजा करायचं.

"आणि नुसता हात कुठून आणायचा?" परकारांनी विचारलं.

गुरुप्रसाद विचारात पडला. "डावा?"

त्यावर परकारांनी चष्मा काढून डोळे चोळले. शेवटी त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि तिच्या हातावर वाकले. इतका वेळ, इतके जवळ, की काचेबाहेरून जाणाऱ्या दोन गोऱ्या बायका थांबून कौतुकानं बघायला लागल्या. गुरुप्रसाद दोनदा खाकरला.

"हिऱ्यात डाग दिसतोय," परकार हळू आवाजात म्हणाले.

गुरुप्रसादचा चेहरा पडला. विभावरीनं माझा हात घट्ट धरला.

"पिवळसर. आणि खोलवर." त्यांनी सुईनं हलकेच टोकरलं, बोटावर घेतलं, वास घेतला. "बेसन हाय."

"सोमवारची भजी," विभावरी म्हणाली.

मग मऊ ब्रशनं साफसफाई सुरू झाली. विभावरीला गुदगुल्या फार. ती इतकी हसली की खुर्चीसकट मागं सरकली, आणि परकार ब्रश घेऊन तिच्यामागं सरकले. धुतल्यावर हिरा असा लखलखला की आम्ही सगळेच त्यावर वाकलो. खडा उत्तम निघाला. परकारांनी त्याची लांबी-रुंदी मोजली, फोटो काढला आणि दाखला टाइप केला. वजनाच्या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'बोट जोडलेले असल्याने तोलता आले नाही.'

विमा कंपनीच्या ऑफिसात एसी असा होता की दात वाजावेत. तिथल्या केरळी साहेबांनी दाखला वाचला, फोटो पाहिला, परत दाखला वाचला.

"सर," त्यांनी विचारलं, "विमा अंगठीचा की बोटाचा?"

"बोटाचाही होतो का?" गुरुप्रसाद लगेच पुढं सरकला.

"आणि निघतच नसेल तर हरवणार कशी?"

"चोरानं बोटच नेलं तर?"

"काय बोलता हो!" विभावरी ताडकन उठली. "माझं बोट नेतोय! कोण नेतोय बघते ना मी!" असं म्हणून तिनं हात जो झटकला, तर अंगठी बोटातून सुटली, साहेबांच्या कानाजवळून गेली आणि भिंतीला लागलेल्या लोखंडी कपाटामागं जाऊन खणकन पडली. त्या गारठ्यात तिचं बोट आक्रसलं होतं आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मग साहेब फार हळू म्हणाले, "मॅडम, पॉलिसीवर अजून सही झालेली नाही."

सगळं ऑफिस लोटलं. एका बाजूनं हिशेबनीस, एका बाजूनं गुरुप्रसाद, आणि "यल्ला, यल्ला, चला!" करत मधून मी. कपाट सरकलं तेव्हा मागं अंगठी होती, साहेबांचं कधीचं हरवलेलं पेन होतं आणि एक वाळून दगड झालेला समोसा होता. साहेबांना अंगठीपेक्षा पेनाचा आनंद जास्त झाला.

"छान! आता परत परकारांकडं जाऊ, वजन करून घेऊ," गुरुप्रसाद म्हणाला. पण त्याचं वाक्य संपायच्या आत विभावरीनं ओठ आवळून अंगठी बोटात दाबून बसवली होती. सांध्यावरून कट् असा आवाजसुद्धा आला.

"आता तोला," ती म्हणाली.

साहेबांनी आहे त्याच दाखल्यावर सही करून टाकली. आम्हाला तिथून लवकर घालवायची त्यांना घाई झाली असावी.

अल नस्र रस्त्यावर थांबून आम्ही शावर्मा घेतले आणि परतीच्या रस्त्याला लागलो. शहर मागं पडलं, दोन्ही बाजूंना नुसतं पिवळं वाळवंट. विभावरी मागच्या सीटवर माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. गुरुप्रसाद बराच वेळ सरळ समोर बघत गाडी चालवत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, बिचारा रडतोय की काय.

"सोमवारची भजी," तो कसंबसं म्हणाला, आणि त्याला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, समोरचं दिसेना. त्यानं नियमाप्रमाणे इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून पोट धरधरून हसत राहिला.