चौथ्या पायाखालची सोंगटी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तसा मी गप्प बसणारा माणूस नव्हे. आमच्या लालबागच्या चाळीत बारसं असो की बारावं, जेवणं उरकली की माझ्यासाठी खुर्ची मधोमध सरकवतात. नकला, किस्से, म्हणाल ते. पण एक किस्सा मी आजवर अर्धाच सांगत आलोय. उरलेला अर्धा — तो तुम्हाला सांगतो.

मोहनदादा माझा मावसभाऊ, माझ्याहून बराच मोठा. चाळीच्या तळमजल्यावर आम्हा दोघांचा टी-शर्ट छापायचा कारखाना. कारखाना म्हणजे एक खोली आणि मधोमध हाताने चालवायचं स्क्रीन प्रिंटिंगचं मशीन — चार फळ्या, त्यांच्यावर चार लोखंडी हात, प्रत्येक हाताला एक स्क्रीन, प्रत्येक स्क्रीनचा एक रंग. दादा रंगाची रबरी पट्टी ओढायचा ती एका दमात. दुकानदाराने ताग्यातून कापड टरकवावं तसा आवाज यायचा. मलाही त्यानेच शिकवलं.

दसऱ्याला आम्ही मशीन जागेवरून हलवून धुतो, हार घालतो आणि पुन्हा लावतो. लावणं म्हणजे नुसतं ठेवणं नव्हे. आमची जमीन मोरीकडे उतरलेली, त्यामुळे चौथा पाय कायम अधांतरी. त्याच्याखाली लोखंडी पत्री, म्हणजे पत्र्याचा जाड तुकडा, सरकवायची, पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणायचा — आधी स्टँडवर, मग एकेका फळीवर. मग स्क्रीन आणि फळीच्या फटीत चारही कोपऱ्यांना नाणं सारखंच सरकतंय का, ते बघायचं. कंटाळवाणं काम. ते माझ्याकडे होतं.

काही वर्षांपूर्वीच्या त्या दसऱ्याला पत्री सापडेना. बाहेर ओट्यावर मंडळी सोनं वाटून बसलेली, माझा किस्सा अर्ध्यावर राहिलेला — हाकांवर हाका. मी कॅरमच्या डब्यातली एक सोंगटी उचलली आणि पायाखाली सारली. बुडबुडा जवळपास मधे आला. जवळपास. आणि फळ्या? त्या कोण बघतंय?

दादा दारात आला. "लेव्हल बघलंस मां रे?"

"बघलंय," मी म्हणालो आणि ओट्यावर गेलो.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या कबड्डी संघाचे शर्ट होते. भगवा वाघ आणि त्यावर दुसऱ्या स्क्रीनने काळे डोळे, काळ्या मिशा. सकाळचे झकास उतरले. दुपारनंतर वाघाचे डोळे गालावर आले. दादाने स्क्रीन पुसली, पुन्हा पट्टी ओढली — मिशा थेट कानात. शर्ट न्यायला आलेले खेळाडू दारात उभे. दादा आपल्याच हाताकडे बघत होता.

"हात हलता काय रे माझो?"

मी वाकून बघितलं. सोंगटीचे दोन तुकडे झाले होते, पाय खाली बसला होता.

तिथे तोंड उघडता आलं असतं, नाही का? मी तुकडे पायाने मागे सारले. आणि तेवढ्यावरही थांबलो नाही — समोर प्रेक्षक होते ना. पट्टी उचलली, हात थरथरवला आणि दादाच्या आवाजात म्हणालो, "वाघाक पडसा झाला हा, म्हणान डोळे उतरले." खेळाडू पोट धरून हसले. दादाही हसला. सगळ्यांच्या नंतर हसला, ते मला दिसलं.

तो वर चहाला गेला तेव्हा मी पत्री शोधली. केरसुणीच्या मागेच होती. मशीन नीट लावलं आणि उरलेले शर्ट मी छापले. एकेक वाघ जागच्या जागी. दादाने त्यातला एक उजेडात नेऊन पाहिला, घडी घालून ठेवला. त्यानंतर त्याने पट्टी हातात घेतलेली नाही.

वहिनीने त्याला परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हात उत्तम आहे. दादा म्हणाला, "डॉक्टराक काय कळता? त्याने कधी पट्टी ओढल्यान हा?"

आता तो घड्या घालतो. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. आणि मी? वाघाचा किस्सा माझा सगळ्यात गाजलेला. कधीकधी तर दादाच म्हणतो, "तो वाघाचो सांग रे." मी सांगतो. हात थरथरवतो. का? लोक हसतात म्हणून. याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं — नाही सापडलं.

गेल्या दसऱ्याला दादाने मशीन ओवाळलं. मी निरांजनाकडे बघत होतो. तबकात काठोकाठ भरलेली तेलाची वाटी होती — थेंब सांडला नाही. मग त्याने पट्टीवर झेंडूचं फूल ठेवलं आणि मागे सरला.

"लेव्हल बघलंस मां रे?"

"बघलंय."

खरंच बघितली होती, चारही फळ्यांवर. दादाने मान डोलावली आणि घड्यांच्या बाकावर जाऊन बसला.